ऑर्चर्ड हाऊस : ‘लिटल विमेन’चं घर

कुठे : अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं कॉन्कर्ड. बॉस्टनहून साधारण ३० किलोमीटर.

कोणाचं : लेखिका लुइझा मे अल्कॉट (१८३२–१८८८) हिच्या कुटुंबाचं. मुक्काम १८५८ ते १८७७.

आवर्जून पाहावं : लुइझाच्या खोलीत दोन खिडक्यांच्या मधे भिंतीला ठोकलेली छोटी अर्धगोल फळी. वडील ब्रॉन्सन यांनी लेकीसाठी करून दिलेलं हे लिहायचं टेबल. ‘लिटल विमेन’चा पहिला भाग इथेच लिहिला गेला, १८६८ मध्ये. धाकटी बहीण मे हिनं आपल्या खोलीच्या भिंतींवर काढलेली चित्रंही जपली आहेत.

गल्लत नको : कादंबरी या घरात घडते, पण तिच्यातले बालपणीचे बरेच प्रसंग शेजारच्या ‘हिलसाइड’ या घरातले. ते घर पुढे लेखक नॅथॅनियल हॉथॉर्ननं घेऊन त्याचं नाव ‘वेसाइड’ ठेवलं. कादंबरीतली बेथ जिच्यावर बेतली, ती लुइझाची बहीण लिझी, कुटुंब ऑर्चर्ड हाऊसमध्ये राहायला येण्याआधीच, मार्च १८५८ मध्ये वारली. कादंबरीतली आई मार्मी म्हणजे लुइझाची आई अबिगेल.

मराठीत : ‘चौघीजणी’, अनुवाद शान्ता शेळके.

अल्कॉट कुटुंबाची थडगी गावातल्याच स्लीपी हॉलो दफनभूमीत आहेत. घर १९१२ पासून संग्रहालय म्हणून खुलं आहे.