किल्ली हरवते तेव्हा नेमके काय हरवते?

चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, यावर घरचे हसतात आणि शोधणारा आपल्या स्मरणशक्तीला बोल लावतो. तो दोष बहुतेक वेळा अस्थानी असतो. टेकलेल्या चष्म्याचा दाब बदलत नाही, आणि न बदलणाऱ्या स्पर्शाची खबर त्वचेतले संवेदक हळूहळू देईनासे होतात. काखेतला कळसा जाणवत नाही तो यामुळेच. किल्लीचे कारण आणखी खोल आहे. हात सवयीने किल्ली फ्रिजवर ठेवतो, मन त्या क्षणी फोनवर असते. टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ फर्गस क्रेक आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, शब्द पाठ करतानाच लोकांना दुसरे काम दिले तेव्हा पुढे आठवणाऱ्या शब्दांची संख्या बरीच घटली. आठवतेवेळी दुसरे काम दिले, तर घट कितीतरी कमी होती. म्हणजे खरे नुकसान ठेवतानाच होते. जे नीट नोंदलेच गेले नाही, ते विसरले कसे म्हणायचे?

रोजची सवय आहे, तर एव्हाना पक्के व्हायला नको का, असे कोणी विचारील. पण सरावाने हात तयार होतो, नोंद होतेच असे नाही. १९७९ साली निकर्सन आणि अ‍ॅडम्स यांनी अमेरिकी लोकांपुढे एका सेंटच्या नाण्याची पंधरा चित्रे ठेवली. आयुष्यभर हाताळलेले ते नाणे निम्म्याहून कमी जणांना अचूक ओळखता आले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दाराशी परत गेल्यावर किल्लीची जागा आठवते, मग नोंद होतीच की! होती, पण पुसट, आणि त्या जागेशी बांधलेली. गॉडन आणि बॅडले यांच्या १९७५ च्या प्रयोगात पाणबुड्यांना पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले. म्हणून सोफ्यावर बसून डोके खाजवण्यापेक्षा आल्या वाटेने पुन्हा चालणे उपयोगी पडते.

उरतो वयाचा प्रश्न, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. किल्ली वारंवार साखरेच्या डब्यात सापडू लागली, आपण कुठे कुठे गेलो याचा मागही काढता येईना, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. पण एरवी आजोबांना दर वेळी ‘आता वय झालं तुमचं’ असे ऐकवणे अन्यायाचे आहे. वयाने स्मृती ढासळते, असा मजकूर आधी वाचायला दिल्यास ज्येष्ठांना चाचणीत कमी आठवते, असे काही प्रयोगांत आढळले आहे.