एस्प्रेसोचा दुसरा कप

घरी एस्प्रेसो कॉफी करणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. भुकटी तीच, वजन तेवढेच, यंत्रही तेच. पण पहिला कप झकास होतो आणि लगेच केलेला दुसरा आंबट लागतो. थोडे थांबून केला, तर कधी उलट कडवट लागतो. दोष भुकटीला दिला जातो. खरे कारण मात्र आपण शाळेत शिकवतो त्या उष्णतेच्या नियमांत आहे.

एस्प्रेसो ही मूळची इटलीतली पद्धत. बारीक दळून दाबून बसवलेल्या कॉफीतून सुमारे ९ बार दाबाने गरम पाणी २५ ते ३० सेकंद ढकलले जाते. त्या वेळी पाणी साधारण ९० ते ९६° से. असावे लागते. कॉफीतले सगळे पदार्थ सारख्या वेगाने विरघळत नाहीत. आंबट चवीचे पदार्थ चटकन उतरतात, कडवट पदार्थ सावकाश. म्हणून पाणी निवलेले असले तर आंबटपणा पुढे येतो आणि फार तापलेले असले तर कडवटपणा.

आता थोडे गणित करू. समजा, यंत्राच्या टाकीत १००° से. तापमानाचे ३०० मिली पाणी आहे. (कॉफीपर्यंत येताना पाणी काही अंश निवते, म्हणून टाकी थोडी जास्त तापवलेली असते.) एका कपासाठी ६० मिली पाणी बाहेर गेले आणि तेवढेच २५° चे पाणी आत आले. उरलेले २४० मिली आणि नवे ६० मिली यांच्या मिश्रणाचे तापमान ८५° येते. म्हणजे एका कपात १५ अंशांची घसरण!

प्रत्यक्षात घसरण याहून कमी असते. टाकी एक किलो पितळेची असेल, तर पितळेचा विशिष्ट उष्मा पाण्याच्या सुमारे ०.०९ पट असल्याने ती ९० ग्रॅम पाण्याइतकी उष्णता साठवते. हा साठा धरला, तर उत्तर ८८.५° येते. शिवाय थंड पाणी तळाशी सोडतात आणि गरम पाणी वरून घेतात. थंड पाणी जड असल्याने ते लगेच मिसळत नाही. त्यामुळे पहिला कप बराचसा निभावतो; फटका बसतो तो दुसऱ्याला.

गेलेली उष्णता भरून काढायला किती वेळ लागेल? ६० ग्रॅम पाणी ७५ अंशांनी तापवायला ४,५०० कॅलरी, म्हणजे सुमारे १८,८०० ज्यूल लागतात. १,००० वॅटचा हीटर हे काम १९ सेकंदांत करतो. मग अडचण कुठे येते?

अडचण थर्मोस्टॅटची आहे. साध्या यंत्रात तो टाकीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बसवलेला असतो. आतले पाणी निवल्याची 'बातमी' धातूतून त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. शिवाय तो चालू होण्याचे तापमान बंद होण्याच्या तापमानापेक्षा काही अंश खाली ठेवलेले असते. नाहीतर तो सतत चालू-बंद होत राहील. तो बंद झाला तरी हीटरची तार पाण्यापेक्षा गरम असते आणि पाण्याला उष्णता देतच राहते. परिणामी तापमान ठरलेल्या रेषेवर स्थिर राहत नाही, लाटेसारखे वरखाली होते. कप लाटेच्या खळग्यात सापडला तर आंबट, माथ्यावर सापडला तर कडवट. मोठा हीटर लावला तर भरपाई लवकर होईल, पण माथाही उंच होण्याची शक्यता वाढेल.

यावर दोन प्रकारचे उपाय झाले. पहिला, साठा वाढवण्याचा. १९६१ साली इटलीतल्या फाएमा कंपनीने ई-६१ हे उपाहारगृहांसाठीचे यंत्र आणले. त्यात जिथून पाणी कॉफीवर पडते तो भागच जड पितळेचा होता आणि अभिसरणाने गरम पाणी त्यातून सतत फिरत असे. ही रचना पुढे घरगुती यंत्रांतही आली.

दुसरा उपाय नियंत्रण सुधारण्याचा. पीआयडी नियंत्रक तीन गोष्टी पाहतो: आत्ता तापमानात किती फरक आहे, आतापर्यंतचा फरक एकूण किती साचला आणि तो किती वेगाने बदलतो आहे. त्यानुसार तो हीटर थोडाथोडा वेळ चालवतो. या विचाराचे गणिती विवेचन मिनोर्स्की यांनी १९२२ साली केले, तेही जहाजाच्या सुकाणूसाठी! पीआयडीमुळे लाट जवळजवळ सपाट होते. पण हीटर १,००० वॅटचाच असेल, तर ते १९ सेकंद काही टळत नाहीत. नियंत्रक उष्णता निर्माण करत नाही, फक्त वाटप करतो.

हे वर्गात दाखवायला कॉफीचे यंत्र नको. थर्मोस्टॅट असलेली इस्त्री शिक्षकांनी स्वतः हाताळावी. ती उभी ठेवून दिवा किती सेकंद लागतो आणि किती सेकंद विझतो, याची नोंद मुलांना करू द्यावी. मग ओलसर जाड कापडावर इस्त्री फिरवत पुन्हा नोंद घ्यावी आणि दोन्ही आलेख शेजारी काढावेत. त्यानंतर विचारावे: तबकडी तीच असताना दिवा जास्त वेळ का लागला? आणि दिवा विझला त्या क्षणी तापमान वाढायचे थांबले का? या दोन प्रश्नांची उत्तरे मुलांनी स्वतः शोधली, तर उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना पुन्हा सांगावे लागणार नाही.