कल्पकता, रचना आणि धीर : तीन पुस्तकांचा परिचय

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला कीं शाळेच्या व्हरांड्यांत दोन प्रकारचीं मुलें दिसतात. कांहीं उड्या मारीत घरीं जातात. कांहीं प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशीं घालून सावकाश चालूं लागतात. ह्या दुसऱ्या मुलांच्या मनांत बहुधा एकच विचार असतो : "आपल्याला हें कधींच जमावयाचें नाहीं." हा विचार खरा असतो काय? ह्या प्रश्नाचा विचार करीत असतां अमेरिकेंतील तीन पुस्तकें माझ्या वाचनांत आलीं. तीं मोठ्या माणसांसाठीं लिहिलेलीं आहेत. तथापि त्यांतील विचार विद्यार्थ्यांच्या व पालकांच्याहि उपयोगीं पडण्यासारखे असल्यामुळें त्यांचा थोडक्यांत परिचय करून देण्याचें योजिलें आहे.

पहिलें पुस्तक डोनल्ड नॉर्मन ह्या मानसशास्त्रज्ञाचें. तें प्रथम 1988 सालीं प्रसिद्ध झालें व 2013 सालीं सुधारून पुन्हा निघालें. त्याचें नांव 'दि डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज', म्हणजे नित्याच्या वस्तूंची रचना. एखादें दार आपण ओढतों, तें उघडत नाहीं. मग कळतें कीं तें ढकलावयाचें होतें. आपण ओशाळतों आणि मनाशीं म्हणतों, 'कसा मी वेंधळा!' नॉर्मन म्हणतात, दोष तुमचा नव्हे, दाराचा. ज्या दाराला धरण्याची मूठ लाविली आहे तें ओढावेंसेंच वाटणार; ढकलावयाच्या दाराला मूठ न लावतां सपाट पत्रा लावावा, म्हणजे पाटी लिहिण्याची गरजच उरत नाहीं. 1979 सालीं अमेरिकेंत थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रांत मोठा अपघात झाला. तेव्हां कामगारांच्या हातून चुका कां झाल्या हें पाहण्यासाठीं ज्या जाणकारांना बोलाविलें, त्यांत नॉर्मनहि होते. तेथील नियंत्रणकक्षाची मांडणीच चुकांना आमंत्रण देणारी होती, असें त्यांना दिसून आलें.

चांगली रचना म्हणजे काय हें पाहण्यास आपल्याला दूर जावयास नको. घरांतला तांब्या पाहावा. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स हें अमेरिकन रचनाकार दांपत्य आपल्या देशांत आलें होतें. त्यांनीं 1958 सालच्या आपल्या अहवालांत ह्याच लोट्याची मोठी वाखाणणी केली. त्यांत पाणी किती मावावें, तो हातांत कसा बसावा, पाणी कसें ओतलें जावें, तो आंतून घांसतां कसा यावा, ह्या साऱ्यांचा विचार त्याच्या आकारांत उतरला आहे. आणि तो कोणा एकानें नव्हे, तर अनेक पिढ्यांनीं थोडथोडा सुधारीत घडविला आहे, असें त्यांचें म्हणणें. त्या अहवालाच्या प्रेरणेनें अहमदाबाद येथें 1961 सालीं राष्ट्रीय रचनासंस्था स्थापन झाली.

दुसरें पुस्तक 'क्रिएटिव्ह कॉन्फिडन्स', म्हणजे कल्पकतेवरचा विश्वास. तें टॉम व डेव्हिड केली ह्या बंधूंनीं 2013 सालीं लिहिलें. डेव्हिड केली लहान असतां त्यांच्या वर्गांतील एक मित्र मातीचा घोडा करीत होता. एका मुलीनें तो पाहून 'हा घोडा मुळींच दिसत नाहीं' असें म्हटलें. मुलानें माती मोडून डब्यांत टाकिली आणि पुढें त्यानें तसें कांहीं केलेलें केलींनीं पाहिलें नाहीं. कल्पकता जन्मतः थोड्यांनाच लाभते हा समज खोटा असून, अशाच एखाद्या शब्दानें ती पुष्कळांच्या ठिकाणीं झांकली जाते, असें ग्रंथकारांचें मत आहे.

ती पुन्हा जागी कशी करावी ह्याचें एक सुंदर उदाहरण त्यांनीं दिलें आहे. डग डिट्झ नांवाचे रचनाकार शरीराच्या आंतील चित्रें घेणारीं एम. आर. आय. यंत्रें तयार करीत. एकदां आपलें यंत्र पाहण्यास ते रुग्णालयांत गेले, तेव्हां एक चिमुकली मुलगी त्याच्या भीतीनें रडतांना त्यांना दिसली. पुष्कळ मुलांना त्यासाठीं गुंगीचें औषध द्यावें लागतें हेंहि कळलें. त्यांनीं मुलांचें निरीक्षण केलें, जाणत्यांचा सल्ला घेतला आणि यंत्राचा अंतर्भाग न बदलतां बाहेरून त्याला चांच्यांच्या गलबताचें रूप दिलें. यंत्र चालविणारे मुलांना सांगूं लागले, 'गलबतांत अगदीं स्तब्ध पडून राहा हं!' गुंगीच्या औषधाची गरज पुष्कळच कमी झाली. प्रथम नीट पाहावें, मग कच्चें करून पाहावें, चुकलें तें सुधारावें, हाच ह्या ग्रंथाचा बोध आहे.

तिसरें पुस्तक 'ऑप्शन बी', म्हणजे दुसरा मार्ग. शेरिल सँडबर्ग ह्या बाईंच्या पतींना 2015 सालीं प्रवासांत असतां अकस्मात् मृत्यु आला. त्या दुःखांतून त्यांनीं ॲडम ग्रँट ह्या मानसशास्त्रज्ञांसह हें पुस्तक 2017 सालीं लिहिलें. आपल्याजवळ पैसा होता, पुष्कळ विधवांजवळ तोहि नसतो, हें त्या प्रांजळपणें मान्य करितात. मार्टिन सेलिगमन ह्या शास्त्रज्ञांच्या आधारें त्या सांगतात कीं, संकटांत माणूस तीन खोट्या समजुतींनीं खचतो : हें सर्व माझ्याचमुळें झालें, माझें सगळेंच बिघडलें, आणि हें असेंच कायम राहणार. गणितांत नापास झालेला मुलगा नेमकें हेंच म्हणत नाहीं काय? खरें पाहतां तो गणितांत चुकला, मराठींत नव्हे. ह्या वर्षीं चुकला, जन्मभर नव्हे. आणि चुकण्याचीं कारणें कांहीं त्याचीं, कांहीं शिकविणाऱ्यांचींहि असूं शकतात. आपला आळस मात्र ह्या विचाराआड लपवूं नये. जी चूक आपली असेल ती ओळखूनच सुधारतां येते.

येथें मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं भूगोलाच्या तासाला एका मुलानें भारताचा नकाशा काढून मोठ्या उत्साहानें माझ्यापुढें धरला. नकाशा बेडौल होता. "हा नकाशा आहे कीं फाटलेला पतंग?" असें मीं म्हटलें. सारा वर्ग हंसला, मीहि हंसलों. त्या वर्षीं त्या मुलानें पुन्हा आपण होऊन मला कांहींहि दाखविलें नाहीं. मातीच्या घोड्याची गोष्ट वाचतांना मला प्रथम आठवण झाली ती त्या नकाशाची. त्यानंतर मीं एक नियम केला आहे : मुलाचें काम पाहतांना आधीं त्यांत काय साधलें आहे तें सांगावयाचें, आणि मग 'हा किनारा पुन्हा काढून पाहूं' असें म्हणावयाचें.

पालकांनींहि निकालाच्या दिवशीं हाच नियम पाळावा, ही विनंती. गुण किती पडले हें विचारण्यापूर्वीं कोणता प्रश्न अडला हें विचारावें आणि मुलाजवळ बसून तो एकदां सोडवून पाहावा. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांला एवढेंच सांगणें आहे कीं, दार उघडलें नाहीं म्हणून माघारीं फिरूं नका. ओढून उघडत नसेल, तर ढकलून पाहा.