बाटली मिळते, सल्ला मिळत नाही

२०२५च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, सर्दी-तापाने आजारी पडलेल्या लहान मुलांची लघवी अचानक बंद होऊ लागली. मूत्रपिंडे निकामी झालेली ही मुले एकामागून एक नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली. त्यांतली वीसहून अधिक दगावली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली होती. त्यांना दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधाची तपासणी तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने ऑक्टोबरच्या आरंभी केली, तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल आढळले. या विषारी औद्योगिक द्रव्याची औषधातील मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विषाची होती.

या घटनेत सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, त्या आईबापांनी जे करायला हवे ते सारे केले होते. मूल आजारी पडताच ते पात्रताधारक डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने लिहून दिलेले औषध त्यांनी दुकानातून विकत घेतले. ते औषध परवानाधारक कारखान्यात तयार झालेले होते. अंगारा-धुपारा नाही, भोंदू वैद्य नाही. लहान मुलाच्या आजारात विश्वासार्ह उपचार कोठे मिळतील, या प्रश्नाचे जे उत्तर शासन नागरिकाला देते, त्याच उत्तराप्रमाणे ते वागले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे आणखी एक गोष्ट जाणवते. छिंदवाडा, नागपूर आणि मी निवृत्तीनंतर जिथे राहतो ते रायपूर, ही तिन्ही शहरे १९५६पर्यंत एकाच प्रांतात होती आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत सीमा बदलल्या, पण आजाऱ्याची वाट बदलली नाही. छिंदवाड्याचे अत्यवस्थ मूल आजही नागपूरकडेच धाव घेते. औषधांचे नियंत्रण मात्र राज्यवार विभागलेले आहे. कोल्ड्रिफ बनले तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात, विकले गेले मध्य प्रदेशात, आणि मुलांचे मृत्यू घडले महाराष्ट्रात. बाटली तीन राज्यांतून सहज फिरली. तिच्याविषयीची माहिती मात्र प्रत्येक सीमेवर अडखळली. ३ ऑक्टोबरला केंद्रीय आरोग्य मंत्रालय तपासलेल्या नमुन्यांत हे द्रव्य आढळले नसल्याचे सांगत होते आणि त्याच सुमारास तमिळनाडूचा अहवाल ते आढळल्याचे सांगत होता.

हे विष भारताला नवे नाही. १९३७मध्ये अमेरिकेत ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’ नावाच्या गोड औषधाने शंभराहून अधिक माणसे मेली. त्यात अनेक लहान मुले होती. द्रावक म्हणून वापरले होते हेच डायइथिलीन ग्लायकॉल. तेव्हाचा कायदा इतका तोकडा होता की, कंपनीवर खटला भरता आला तो केवळ चुकीच्या नावाबद्दल; ‘एलिक्झिर’ म्हणवणाऱ्या औषधात मद्यार्क असायला हवा होता आणि तो नव्हता. सरकारी निरीक्षक दुकाने, दवाखाने आणि घरे पालथी घालत बाटली न् बाटली शोधत फिरले. पुढच्याच वर्षी, १९३८मध्ये, औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवण्याची सक्ती करणारा कायदा तिथे झाला.

आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१मध्येच औषध नियंत्रणाची गरज सांगितली होती. त्यातून १९४०चा औषध कायदा आला. पण दुर्घटना थांबल्या नाहीत. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मरण पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीची जी चिरफाड केली, ती मराठी वाचकांना आठवत असेल. १९९८मध्ये दिल्ली परिसरात आणि २०२०च्या आरंभी जम्मूतील रामनगर येथे पुन्हा लहान मुलेच बळी पडली. कारण तेच. ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल हे औषधाला लागणारे द्रावक महाग; औद्योगिक दर्जाचा माल स्वस्त. दोन्ही रंगहीन, दोन्ही गोडसर. प्रत्येक पिंपाची चाचणी केल्याखेरीज फरक कळत नाही आणि चाचणीचा खर्च वाचवला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, मुले मरेपर्यंत.

२०२२मध्ये गांबिया आणि उझबेकिस्तान या देशांतील मुलांच्या मृत्यूंचा संबंध भारतात बनलेल्या सिरपशी जोडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने इशारे दिले, देशाची नाचक्की झाली. तेव्हा केंद्र सरकारने एक उचित निर्णय घेतला: १ जून २०२३पासून खोकल्याचे कोणतेही सिरप निर्यात करण्यापूर्वी सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला बंधनकारक केला. तथापि हा नियम निर्यातीपुरताच राहिला. परदेशी जाणाऱ्या बाटलीला जो दाखला लागत होता, तो परासियाला जाणाऱ्या बाटलीला लागत नव्हता. माझ्या प्रशासकीय आयुष्यात मी अनेक विसंगत आदेश पाहिले. इतका बोलका क्वचितच पाहिला.

आतापर्यंतचे विवेचन बाटलीत काय होते याविषयी झाले. त्याहून कमी विचारला गेलेला प्रश्न असा की, ती बाटली मुळात हवी होती का?

साधी सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते आणि बहुतांश मुलांत आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरे होते. खोकल्याची औषधे तो काळ कमी करत नाहीत. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने सूचनापत्र काढले: दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत किंवा विकू नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सामान्यतः देऊ नयेत. त्याआधी, डिसेंबर २०२३मध्ये, औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांच्या जोडऔषधावर ‘चार वर्षांखालील मुलांसाठी वापरू नये’ असा इशारा छापण्यास सांगितले होते. कोल्ड्रिफमध्ये हीच दोन द्रव्ये पॅरासिटामॉलसह होती. म्हणजे सल्ला दिल्लीत कागदावर होता. परासियाच्या दवाखान्यात आणि दुकानाच्या काउंटरवर तो पोहोचला नव्हता.

तो माझ्या ब्राह्मणपाऱ्यातही पोहोचलेला नाही. छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे आळी. कंकाली तलाव आणि आझाद चौकाच्या आसपासची ही रायपूरची जुनी वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या प्रदेशात मराठी माणसांची ये-जा आहे आणि आजही शहरात मराठी घरे पुष्कळ आहेत. इथून वैद्यकीय महाविद्यालयाला संलग्न असलेले आंबेडकर रुग्णालय दूर नाही, एम्सही शहरातच आहे, औषधांची दुकाने हाकेच्या अंतरावर. ‘दुर्गम भाग’ म्हणून हात झटकावेत अशी ही जागा नव्हे.

पावसाळ्यातील एका रविवारी संध्याकाळी शेजारची सून दीड वर्षाच्या मुलाला कडेवर घेऊन आली. सरकारी कागद वाचण्यात आयुष्य गेलेला माणूस औषधाचे लेबलही वाचू शकेल, असा तिचा भाबडा समज. “काका, यातलं कोणतं द्यायचं?” तिने तीन बाटल्या टेबलावर ठेवल्या. पहिली, आधीच्या तापात आणलेले थेंब. दुसरे, दुकानदाराने ‘सर्दी-ताप दोन्हीवर चालतं’ म्हणून दिलेले सिरप. तिसरी, मोठ्या बहिणीच्या आजारातून उरलेले अँटिबायोटिक. चष्मा लावून बारीक अक्षरे वाचली, तेव्हा दिसले की पहिल्या दोन्हींत पॅरासिटामॉल होते, फक्त व्यापारी नावे वेगळी. थेंबांत दर मिलिलीटरमागे १०० मिलिग्रॅम, सिरपमध्ये दर पाच मिलिलीटरमागे १२५. म्हणजे थेंबांचा एक मिलिलीटर म्हणजे त्या सिरपचे चार. थेंबांची बाटली सिरप समजून कोणी घरातला चमचा भरून पाजला, तर दहा किलोच्या मुलाला एका वेळच्या योग्य मात्रेच्या तिप्पट-चौपट औषध जाईल. डॉक्टर ही मात्रा वजनावरून ठरवतात, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. लेबलावर याचा उल्लेख नव्हता. आणि जे होते, ते सारे इंग्रजीत होते.

औषध सुचवण्याचा अधिकार मला नव्हता आणि मी ते सुचवलेही नाही. परिचयातील एका बालरोगतज्ज्ञांना फोन लावून दिला. त्यांनी चार मिनिटांत सारे निकालात काढले. मुलाचे वजन विचारले. तीनपैकी दोन बाटल्या बंद करायला सांगितल्या. मूल शांत असताना पोट वर-खाली होते ते पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला लावले. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला चाळीस किंवा अधिक झाले, छाती आत ओढली जाऊ लागली, मूल काही पिईना, सगळे ओकू लागले, झटके आले, गुंगीत गेले किंवा लघवी फारच कमी झाली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठायचे. एरवी पाणी, दूध, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि उद्या सकाळी पुन्हा फोन. मूल चार दिवसांत खेळू लागले.

त्या चार मिनिटांत डॉक्टरांना एक रुपयाही मिळाला नाही, आणि दुकानदाराचेही काही विकले गेले नाही. आपल्या व्यवस्थेची गोम हीच आहे. बाटलीला किंमत आहे, सल्ल्याला नाही. ‘औषधाची गरज नाही’ हे वाक्य उच्चारणाऱ्याला कोणीच मोबदला देत नाही. रिकाम्या हाताने परत पाठवणारा डॉक्टर पालकांनाही पटत नाही. आणि ज्यांच्या ओळखीत असा डॉक्टर नाही, त्यांनी काय करावे?

हा सल्ला केवळ तज्ज्ञच देऊ शकतात, असेही नाही. छत्तीसगढला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८०च्या दशकाअखेर हे दाखवून दिले. गावातील कार्यकर्ते आणि दाया यांना मुलांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी मणी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधे मोजयंत्र केले. कोणत्या मुलाला अँटिबायोटिक हवे आणि कोणाला नको, हे त्या ठरवू लागल्या. १९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी आढळले.

छत्तीसगढने २००२मध्ये याच दिशेचे पाऊल टाकले. दोन कुटुंबांत आयुष्यभराची मैत्री जोडण्याच्या इथल्या प्रथेतून ‘मितान’ हा शब्द येतो. गावाच्या आरोग्य कार्यकर्तीला नाव मिळाले ‘मितानिन’. २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ ही बरीचशी तिचीच धाकटी बहीण. आज राज्यात सुमारे ७० हजार मितानिन आहेत. परंतु लहान मुलांसाठीच्या राष्ट्रीय गृहभेट कार्यक्रमात ‘आशा’च्या भेटी ठरल्या आहेत त्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. मूल चालू लागते, बाहेरच्या मुलांत मिसळते आणि वारंवार आजारी पडू लागते, नेमके त्याच सुमारास ठरलेल्या भेटी संपतात. शहरात मितानिन आहे ती मुख्यतः झोपडवस्त्यांत. मध्यमवर्गीय आळीतील तरुण आईच्या दाराशी कोणीच येत नाही.

छिंदवाड्यानंतर कंपनीच्या मालकाला अटक झाली, औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरलाही झाली, परवाना रद्द झाला. गुन्ह्याला शिक्षा व्हायलाच हवी. मात्र डॉक्टरला बाटलीतले विष दिसत नाही. ते पाहण्याचे काम शासनाच्या प्रयोगशाळेचे आहे. अटकेने संताप शमतो, व्यवस्था बदलत नाही. ती बदलायची तर चार गोष्टी पुरेशा आहेत आणि त्यांतील एकही अशक्य नाही.

पहिली, निर्यातीच्या सिरपला जी तपासणी लागते, तीच देशात विकल्या जाणाऱ्या मुलांच्या प्रत्येक द्रवऔषधाला लागू करावी. दुसरी, मुलांच्या पॅरासिटामॉलच्या द्रवरूपाची एकच तीव्रता देशभर ठरवावी, आणि वयाची मर्यादा ठळक अक्षरांत, राज्याच्या भाषेत छापावी. तिसरी, सदोष बॅच परत मागवण्याचा आदेश एकाच दिवशी साऱ्या राज्यांत लागू व्हावा. औषधांच्या बिलावर बॅच क्रमांक असतोच. माल कोणत्या दुकानात गेला हे शोधणे १९३७च्या निरीक्षकांइतके कठीण राहिलेले नाही. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, सल्ल्याला सार्वजनिक सेवेचा दर्जा द्यावा. अनेक राज्यांत १०४ क्रमांकाची आरोग्य सल्ला सेवा आहे. तिथे मुलांच्या आजारांत प्रशिक्षित परिचारिका चोवीस तास असावी, गरजेला मागे बालरोगतज्ज्ञ असावा. ‘आशा’ आणि मितानिन यांच्या ठरलेल्या भेटी पाच वर्षांपर्यंत वाढवाव्यात, आणि औषध न देता दिलेल्या सल्ल्याचेही मानधन त्यांना मिळावे.

या शेवटच्या गोष्टीला नवी इमारत लागत नाही, यंत्रे लागत नाहीत. म्हणूनच बहुधा तिचे उद्घाटन करण्याची घाई कोणाला नसते. पण रविवारी रात्री मुलाचा ताप चढतो, तेव्हा आईला उत्तर हवे असते ते एकाच प्रश्नाचे: आत्ता काय करू, आणि कशाची वाट पाहू? ते उत्तर तिला कोणाच्या ओळखीशिवाय मिळेल, इतकी तरी जबाबदारी शासनाने घ्यायला हवी.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)