डावीकडे वळायचे, तर हँडल उजवीकडे!

महाड औद्योगिक वसाहतीत दुचाकीवरून रोज ये-जा करणाऱ्याला हँडलचा वेगळा विचार करावा लागत नाही. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटात मात्र तो करावा लागतो.

हँडल फिरवू त्या बाजूला गाडी वळते, हा समज चालण्याच्या वेगापुरता खरा आहे. वेग वाढला, की डावीकडे वळण्यासाठी पुढचे चाक क्षणभर उजवीकडे न्यावे लागते. चाके उजवीकडे सरकतात, गाडी डावीकडे कलते आणि त्यानंतरच ती डावे वळण घेते. सायकल चालवणारे पोरही हे नकळत करते! विमानकर्ते राइट बंधू मूळचे सायकल-व्यावसायिक. त्यांपैकी विल्बर यांनी ही गोष्ट अचूक हेरली होती.

धोका आहे तो घाबरण्यात. डावे वळण अपेक्षेपेक्षा आवळत गेले, की चालक हँडल जोराने डावीकडे फिरवू पाहतो. परिणामी गाडी उलट सरळ होते आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या वाटेत जाते. अशा वेळी डावी मूठ हलकेच पुढे रेटावी. रुंद हँडल म्हणजे लांब तरफ, त्यामुळे जोर कमी लागतो. केवळ ऐटीसाठी आखूड हँडल बसवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

खड्ड्यांनी आणि पावसाच्या पाण्याने हँडलचा कोनसेट झिजतो. घाटात जाण्यापूर्वी पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल सावकाश फिरवावे. ते मध्यभागी अडकल्यासारखे वाटले, तर आधी गॅरेज गाठावे.