दातांना तारा असताना गजक, शेंगदाणे का टाळावेत?

झाशी : थंडी पडू लागली की झाशीच्या बाजारात गजक, तिळाच्या वड्या, भाजलेले शेंगदाणे आणि चणे यांचे ढीग दिसू लागतात. दात सरळ करण्यासाठी तारा लावून घेतलेल्या मुलामुलींना मात्र नेमके हेच पदार्थ अडचणीचे ठरतात. नेवाळकर सुभेदारांच्या काळापासून येथे स्थिरावलेल्या मराठी घरांत संक्रांतीचा तिळगूळही याच दिवसांत येतो, आणि तो नाकारणे कोणालाच सोपे नसते.

दातावर बसवलेली ब्रॅकेट रेझिनच्या पातळ थराने चिकटवलेली असते. उपचार संपल्यावर इनॅमलला इजा न होता ती काढता यावी, यासाठी हे बंधन मर्यादित ताकदीचेच असते. त्यामुळे शेंगदाणा, सुपारी, उसाचे कांडे किंवा बर्फ चावताना पडणाऱ्या दाबाने ती निखळते; चिक्की, गजक आणि टॉफी तिला ओढून काढतात किंवा तार वाकवतात. वाकलेली तार दाताला भलतीकडे ढकलू शकते. साधारण दीड ते दोन वर्षांचा उपचार अशा प्रत्येक मोडतोडीने लांबतो. सुमारे ९० किलोमीटरवरील ललितपूरहून झाशीला येणाऱ्या कुटुंबासाठी तर एक निखळलेली ब्रॅकेट म्हणजे शाळेचा आणि रोजगाराचा एक दिवस बुडणे होय.

तारा लावल्यावर किंवा आवळल्यावर काही तासांत दात दुखू लागतात. दुसऱ्या दिवशी वेदना सर्वाधिक असते आणि आठवडाभरात बहुधा ओसरते. दात व हाड यांना जोडणाऱ्या तंतूंवर दाब पडून तेथे दाह होतो. त्यातूनच एका बाजूचे हाड झिजते, दुसरीकडे नवे भरते आणि दात सरकतो. या दिवसांत खिचडी, वरणभात, दहीभात सोसवतो. ज्वारी ताकात शिजवून केलेली बुंदेली महेरी, म्हणजे ताककण्यांची सख्खी बहीणच, हीदेखील उत्तम. गालाला तार घासून व्रण झाल्यास दंतवैद्याकडील मेण तारेवर लावावे आणि कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात.

पुढे सफरचंद, पेरू, गाजर वर्ज्य नाहीत. पटाशीच्या दातांनी तोडण्याऐवजी बारीक तुकडे करून दाढांनी चावावेत. मक्याचे दाणे कणसापासून सोडवून घ्यावेत. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करावी.

याहून गंभीर धोका साखरेचा, कारण तो लगेच दिसत नाही. ब्रॅकेटभोवती अडकलेल्या अन्नावर जिवाणू आम्ल तयार करतात. दातावरील थराचा सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. स्वच्छता न राखल्यास महिनाभरातही पांढरे डाग उमटू शकतात आणि तारा काढल्यावर सरळ झालेल्या दातांवर ते कायम राहण्याची शक्यता असते. म्हणून तिळगूळ खायचाच तर मऊ लाडू, तोही जेवणाबरोबर एकदाच; दिवसभर चघळणे नको. नंतर फ्लोराइडयुक्त पेस्टने तारेच्या वर आणि खाली ब्रश फिरवावा. हळदीने पारदर्शक रबर पिवळे पडतात, ते पुढच्या भेटीत बदलले जातात; त्यासाठी आमटी सोडण्याचे कारण नाही.

ब्रॅकेट निखळल्यास ती जपून ठेवून दंतवैद्याला कळवावे, घरी चिकटवू नये. चुकून गिळली गेली तर बहुधा ती शौचावाटे निघून जाते, तरीही डॉक्टरांना सांगावे. ठसका थांबत नसेल किंवा श्वास घेणे कठीण होत असेल, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.