मुंबईचा गाळा सोडून सोलापूरला जाताना

मुंबईत मदनपुरा, नागपाडा, धारावी अशा वस्त्यांत बॅगा, जरीकाम आणि तयार कपड्यांचे छोटे कारखाने चालविणाऱ्या आमच्या अनेक बांधवांच्या तोंडी सध्या एकच विषय आहे. भाडे परवडत नाही, चाळ आज ना उद्या पडणार, आणि पोटमाळ्यावर झोपणाऱ्या मुलांची आता लग्ने करायची आहेत. तेव्हा कारखाना उचलून सोलापूरला न्यावा काय? कुणाची सासुरवाडी तिकडची असते, कुणाचा साडू अक्कलकोट रोडला शेड घेऊन बसलेला असतो. मुंबईच्या एका खोलीच्या भाड्यात इकडे शेड आणि राहते घर दोन्ही मिळेल, असे त्याने सांगितले की घरात बोलणी सुरू होतात. विचार वाईट नाही. मात्र तो बहुधा भाड्याच्या एकाच आकड्यावर केला जातो. आमचे म्हणणे असे की, काम सोलापूरला अवश्य न्यावे, पण मुंबईतील बैठक एकदम मोडू नये.

सोलापूरच का, याला कारणे आहेत. हे गाव विणकरांचे. चादर व टॉवेल यांनी त्याचे नाव देशभर नेले आणि अलीकडे शाळेचे गणवेश शिवण्याचा धंदाही तेथे चांगला रुजला आहे. त्यामुळे शिलाई मशीन दुरुस्त करणारा, काज-बटण करून देणारा, ओव्हरलॉकवर बसणारा माणूस शोधत फिरावे लागत नाही. विड्या वळणाऱ्या स्त्रियांची संख्या तेथे मोठी आहे. बैठकीचे, बोटांचे काम त्या घरांना नवे नाही. बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू आणि आपली दखनी अशा चारही भाषा चालतात. मुंबई-चेन्नई रेल्वेमार्ग आणि पुणे-हैदराबाद महामार्ग दोन्ही गावावरूनच जातात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालेला माणूस सकाळी मुंबईत पोचतो, आणि फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत गाडीही सुरू झाली आहे.

आता हवेबद्दल. सोलापूर नकाशात मुंबईच्या खाली, समुद्रापासून दूर. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि तेथेच मुक्काम करतो. मुंबईचा घाम वेगळा, ही कोरडी आग वेगळी. पाऊस मात्र मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पडतो, तर सोलापुरात त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. चामड्याचे काम करणाऱ्यास याचा अर्थ सांगावयास नको. जून ते सप्टेंबर मुंबईत तयार पाकिटांवर व पर्सवर बुरशी चढते, माल पुसून पुन्हा पॉलिश करावा लागतो, बकलांना गंज धरतो. सोलापुरात हा त्रास पुष्कळ कमी. उलट उन्हाळ्यात चिकटविण्याचे सोल्यूशन डब्यात लवकर घट्ट होते, लावल्यावर लगेच सुकते आणि पट्टी जोडण्यास वेळच मिळत नाही. शिवाय ते भडकणारे असते. पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये त्याचे डबे रचून ठेवणे म्हणजे आग बोलावणे होय. डबा लहान घ्यावा, झाकण लगेच लावावे, साठा भिंतीच्या आडोशाला, सावलीत ठेवावा.

सुती धाग्याला कोरडी हवा मानवत नाही, तो तुटतो. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या त्याला तेथील दमट हवेचाही हातभार होता. कोरड्या गावी हवेत मुद्दाम ओलावा ठेवावा लागतो. शिलाईवाल्यास एवढी काळजी नाही, परंतु पत्र्याखाली दुपारी बारा ते चार मशीनवर बसणे कुणालाच शक्य नाही. म्हणून तिकडे उन्हाळ्यात काम फजरनंतर सुरू करून दुपारी थांबवावे व असरनंतर पुन्हा लावावे. छपराला पांढरा चुना, वर पाचट किंवा आतून थर्माकोलची शीट, एवढा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा. अत्तराचा व्यापार असेल तर बाटल्या शेडमध्ये नकोतच, राहत्या घराच्या आतल्या खोलीत ठेवाव्यात.

आता पैशाचा हिशेब. खालील आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. समजा मुंबईत महिना ३०,००० भाडे जाते आणि सोलापुरात ९,००० लागेल. बचत दिसते २१,०००. आता माल विकण्यास व वसुलीस महिन्यातून दोन खेपा मुंबईला, तयार मालाचे ट्रान्सपोर्ट, येणाऱ्या कच्च्या मालाचे ट्रान्सपोर्ट आणि हमाली मिळून १२,००० धरा. उरले ९,०००. मुंबईत चेन, रनर, अस्तर, बकल खाली गल्लीत उतरून दोन डझन आणता येत होते. आता बिल्टीची वाट पाहावी लागते, म्हणून महिनाभराचा माल भरून ठेवावा लागतो. तेवढी रक्कम अडकली.

सर्वांत मोठी गोष्ट उधारीची. मुंबईचा व्यापारी पैसे देतो ते समोर उभ्या असलेल्या माणसाला. जुम्याची नमाज झाली की दुकानासमोर उभे राहून वसुली करण्याची आपली जुनी रीत आहे. ४०० किलोमीटरवरून फोन करणाऱ्याचा नंबर शेवटी लागतो. तीन लाखांची उधारी एक महिना उशिरा आली तर तीन लाखांचे नवे भांडवल एक महिना उभे करावे लागते. ते व्याजाने उचलण्याची पाळी आली तर भाड्याची बचत गेलीच, आणि गुनाह पदरात पडतो तो वेगळा. निघण्यापूर्वी जुनी उधारी वसूल व्हावी, उरलेली कागदावर सही घेऊन लिहिली जावी. पवित्र कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. आपल्या बाजारात मात्र लिहिण्यास सांगणे म्हणजे अविश्वास समजला जातो, हे दुर्दैव आहे.

पागडीच्या खोलीबाबत तर बहुतेकांची समजूत चुकीची असते. कुलूप लावून जाऊ, पुढे पाहू, असे म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ज्या कामासाठी जागा घेतली त्यासाठी ती सलग सहा महिने योग्य कारणाविना वापरली नाही, तर मालकास खाली करून मागण्याचे ते कारण होते. मालकाच्या संमतीविना पोटभाडेकरू ठेवणे हेही तसेच कारण. म्हणजे कुलूपही धोक्याचे आणि भाच्याला भाड्याने देणेही धोक्याचे. खोली हातात ठेवायची तर तेथे आपले काम चालू राहिले पाहिजे: एक मशीन, नमुन्यांचे कपाट, विजेचे बिल, भाड्याची पावती. हीच खोली मुंबईची बैठक होते. विकायचीच असेल तर मालकाचा वाटा किती हे आधी लेखी ठरवावे, आणि भाडेहक्क सोडल्याबद्दल मिळणाऱ्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर लागतो हे लक्षात ठेवावे. सोलापुरात जागा घेताना करार लेखी व नोंदणीकृत हवा. त्याच कायद्याने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. साडूची शेड असली तरी करार करावा.

बैठक ठेवायची म्हणजे बहुधा एक भाऊ मुंबईत व दुसरा सोलापुरात, असे होते. येथे घरे फुटतात. माल बनविणारा म्हणतो मी उन्हात मरतो, विकणारा म्हणतो मी दारोदार फिरतो. दोघांचे भांडवल असेल तर ती शिरकत होय. तीत नफ्याचा हिस्सा आधी ठरतो, ठरावीक मासिक रकमेची हमी देता येत नाही, आणि तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात पडतो. तपशिलात मसलकांचा फरक आहे, तेव्हा मुफ्ती साहेबांकडून लिहून घेऊन दोन साक्षीदारांसमोर सही करावी. वालिद साहेब हयात असतील तर त्यांच्या देखत व्हावे.

कारागिरांचे काय? जरीच्या अड्ड्यावर बसणारी बिहार-उत्तर प्रदेशातील मुले मुंबईला येतात कारण तेथे त्यांच्या गावची माणसे आहेत. सोलापूरला चार जण येतात, ईदला गावी जातात आणि परतताना पुन्हा मुंबईलाच उतरतात. त्यांना दिलेली पेशगी मग बुडाली म्हणून समजा. म्हणूनच जरीवाल्यांनी घाई करू नये असे आम्हास वाटते. बॅग व शिलाईवाल्यांना तेथे स्थानिक हात मिळू शकतात.

सरकारी कागद फारसे अवघड नाहीत. राज्य तेच असल्याने जीएसटीचा नवा नंबर लागत नाही. पत्ता बदलल्यास किंवा वाढविल्यास १५ दिवसांत अर्ज करावा लागतो. उद्यम नोंदणीतही पत्ता बदलून घ्यावा, तिला पैसे पडत नाहीत. नोंदणीकृत व्यापाऱ्याने मशीन नेताना सोबत डिलिव्हरी चलन ठेवावे आणि किंमत एक लाखावर असेल तर ई-वे बिल काढावे. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात असावी. सोलापूरहून विजयपूर, कलबुर्गी जवळ आहेत, तेथील गिऱ्हाईक लवकरच मिळते. परंतु कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास परराज्यात माल पाठविता येत नाही. पाठवायचा तर आधी ती योजना सोडून नियमित नोंदणीत यावे लागेल. शाळेचा दाखला मुलांची वार्षिक परीक्षा झाल्यावरच काढावा, हे सांगणे न लगे.

हलविण्याची वेळ धंद्यावर ठरते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, ईदच्या आधीचे तीन महिने कारखाना हलविण्याचे नव्हेत. गणवेशवाल्याने मार्च ते जून हात लावू नये. पावसात मुंबईतून माल काढू नये. आमच्या मते नोव्हेंबर बरा, मात्र त्याआधी दोन मशीने व एक विश्वासू कारागीर पाठवून एक हंगाम काम करून पाहावे. जागा पाहण्यास मे महिन्यात जावे, आणि तेही दुपारी दोन वाजता. सकाळी नऊला प्रत्येक शेड चांगली दिसते. सोलापुरात नळाचे पाणी रोज येण्याची सवय लोकांना वर्षानुवर्षे राहिलेली नाही, म्हणून टाकी किती मोठी आहे, बोअर आटते काय, याची चौकशी करावी. पाणी किती दिवसांआड येते हे मालकाला विचारू नये. घरच्या मंडळींना सोबत न्यावे आणि त्यांनी ते शेजारच्या घरातील बायकांना विचारावे.